पाच टेबलं, पाच कॉफ्या आणि शेवटची वडी

नाताळच्या सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मार्डेल हाउगस्टाडने कॉफीचा एक घोट घेतला आणि "छान आहे" म्हणाली. तिच्या नवऱ्याचे पुढचे दोन महिने त्यातच गेले.

वरवर पाहता यात विशेष काही नाही. जगात रोज कितीतरी बायका कितीतरी गोष्टींना छान म्हणत असतील. पण उत्तर मिनेसोटातल्या टॉर्गेट लेक या गावात हा शब्द सहसा बाहेर काढत नाहीत. तिथे उत्तम गोष्टीला "वाईट नाही" म्हणतात, बऱ्या गोष्टीला "वाईट नाही" म्हणतात, आणि घशाखाली न उतरणाऱ्या गोष्टीलाही, जरा थांबून, "वाईट नाही" असंच म्हणतात. त्याहून कडक बोलायची वेळ आलीच तर "वेगळं आहे" म्हणतात. पण तेही शक्यतो समोरचा माणूस निघून गेल्यावर. ऑरिन हाउगस्टाड एकेचाळीस वर्षं रोज सकाळी स्टोव्हवरच्या किटलीत कॉफी उकळून बायकोला देत आला होता आणि ती वाईट नसल्याचं एकेचाळीस वर्षं ऐकत आला होता. त्यात त्याचं समाधान होतं. त्या सकाळपर्यंत.

ती कॉफी ऑरिनने केलेली नव्हती. मिनियापोलिसहून आलेल्या कारीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आईबाबांसाठी एक यंत्र आणलं होतं. एका कपापुरती कॉफी भरलेली प्लास्टिकची बुटकी डबी, जिला पॉड म्हणतात, त्या यंत्राच्या तोंडात ठेवायची, झाकण दाबायचं, की खालच्या कपात कॉफी. यंत्राबरोबर कारीने साठ पॉडचा एक खोकाही दिला होता. रोज दोघांना एकेक कप, म्हणजे बरोबर तीस दिवस. त्या तीस दिवसांत मार्डेल आणखी अकरा वेळा "छान" म्हणाली. ऑरिनने काही मुद्दाम मोजलं नव्हतं. पण काउंटीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं पिण्याचं पाणी तपासलेल्या माणसाच्या डोक्यात आकडे आपोआप साठतात, जसे किटलीच्या तळाशी क्षार.

जानेवारीच्या अखेरीस खोका संपला. ऑरिनने तसाच दुसरा खोका कितीला पडतो ते पाहिलं. पॉडमागे पंच्याऐंशी सेंट.

"वर्षाला सहाशे वीस डॉलर," तो मार्डेलला म्हणाला.

"मग किटली आहेच की," मार्डेल म्हणाली. तळ्याकडे तोंड असलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी ती विणत बसली होती. "किटलीची कॉफी काही वाईट नसते."

हे ऐकून ऑरिनला आनंद व्हायला हवा होता. आदल्या महिन्यापर्यंत झालाही असता. पण "छान" एकदा ऐकलेल्या माणसाला "वाईट नाही" परत घालायला दिलं, तर ते काखेत काचतं.

"किटली नको," तो म्हणाला. "महिनाभर थांब. अर्ध्या किमतीत अशी पॉड शोधतो की तू पुन्हा छान म्हणशील."

"बरं," मार्डेल म्हणाली, आणि टाके मोजू लागली.

तर एवढंच होतं. एक स्वस्त पॉड निवडायची, रोजच्या कॉफीसाठी. शेंगदाण्याचं लोणी घेताना माणूस जेवढा विचार करतो तेवढाच इथे पुरायला हवा होता.

पहिली पॉड ऑरिनने गावातल्या वाणसामानाच्या दुकानातून आणली, दुकानाच्या स्वतःच्या छापाची, अडतीस सेंटची. यंत्राने ती तोंडात घेतली, लाल दिवा लावला आणि गप्प बसलं. ऑरिनने यंत्र पुसलं, फिरवलं, बंद करून चालू केलं. लाल दिवा. शेवटी त्याने यंत्राच्या खोक्यावरच्या क्रमांकावर फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"पॉड आमची आहे का, सर?"

"नाही."

"मग यंत्र व्यवस्थित चाललंय, सर."

यात तर्काची चूक काढता येत नव्हती, म्हणून ऑरिनला जास्त राग आला. राग आला की तो घरासमोरचा बर्फ ओढायला जात असे. तिथे समोरच्या घरातला व्हर्जिल क्नुटसन भेटला. व्हर्जिल निवृत्त वायरमन, आणि कुणाच्याही अडचणीत मनापासून रमणारा माणूस.

"ते यंत्र पॉडच्या झाकणाची कड बघतं," व्हर्जिल फावड्यावर रेलत म्हणाला. "त्यांच्या एखाद्या जुन्या पॉडची कड कापून घे आणि या झाकणावर ठेव. बघ, कसं मुकाट्याने ओततंय."

"ही फसवणूक झाली."

"यंत्राची फसवणूक पापात धरत नाहीत, ऑरिन. पण खरं सांगू का? पॉडच्या नादी लागू नकोस. माझ्याकडे जाळीची डबी आहे. आपली कॉफी भरायची, वापरून झाली की धुवायची. कपाला चौदा सेंट पडतात."

"मग तू रोज तशीच पितोस?"

व्हर्जिलने तळ्याकडे पाहिलं. "आमचं यंत्र तळघरात आहे," तो म्हणाला.

कडेची युक्ती लागू पडली, फक्त कड जरा वाकडी बसली आणि थोडं पाणी बाजूने गेलं. ऑरिनने अडतीस सेंटची कॉफी केली आणि मार्डेलपुढे ठेवली. तिने घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, जवळचा आल्याच्या बिस्किटांचा डबा ओढून उघडला आणि म्हणाली, "वाईट नाही."

जानेवारीभर तो डबा बंद होता. नव्या वर्षाचा काही संकल्प असावा, असं ऑरिनला वाटलं होतं. आता संकल्प मोडला, एवढीच त्याने मनात नोंद केली.

दुसरी पॉड लव्हॉनबाईंमुळे आली. लव्हॉनबाई एकोणऐंशी वर्षांच्या, चर्चच्या कॉफी समितीच्या तीस वर्षं अध्यक्ष. ऑरिन पॉड शोधतोय ही बातमी त्यांना वाणसामानाच्या दुकानातच कळली आणि त्या थेट घरी आल्या.

"सुट्या घेऊन कुठे परवडतं, ऑरिन? तिकडे हायवेवरच्या घाऊक दुकानात एकशेवीसचा खोका मिळतो. पॉडमागे एकतीस सेंट. आम्ही तीच पितो. सभासदाचं कार्ड माझं आहे, चल."

"आधी एखादी चाखून बघितली असती तर—"

"घाऊक दुकानात एखादी नसते," लव्हॉनबाई म्हणाल्या.

अशा प्रकारे एकशेवीस पॉड घरात आल्या. मार्डेलने घोट घेतला, डबा ओढला, म्हणाली, "वाईट नाही." मग ऑरिनने व्हर्जिलची जाळीची डबी आणून भरून पाहिली. "वाईट नाही." शेवटी खातरजमेसाठी त्याने एक वापरलेली पॉड तशीच पुन्हा यंत्रात घालून पिवळट पाण्याचा कप तिच्यापुढे ठेवला. मार्डेलने तोही अर्धा प्यायला.

"हलकी आहे," ती म्हणाली. "वाईट नाही."

त्या सकाळी ऑरिनला कळून चुकलं की आपलं उपकरण बिघडलेलं आहे. पाण्यात क्लोरिन असो, शिसं असो की काहीच नसो, सुई एकाच आकड्यावर उभी. आता अशा वेळी समजूतदार माणूस काय करतो? बायकोला सरळ विचारतो. पण टॉर्गेट लेकमध्ये सरळ विचारणं म्हणजे माणसाला सरळ उत्तर द्यायला भाग पाडणं, आणि ते शेजाऱ्याच्या अंगणात गाडी लावण्यासारखं आहे. ऑरिनला तो पर्याय सुचलाही नाही. त्याला सुचलं ते असं: एक चाखणारा पुरत नाही. सोळा पाहिजेत.

सोळा माणसं मावतील अशी जागा गावात एकच, चर्चचं तळघर. आणि तळघरात पाण्याखेरीज काहीही कपात ओतायचं तर ते कॉफी समितीच्या अखत्यारीत येतं. समिती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी भरते. ऑरिन चार पानांचा आराखडा घेऊन गेला. पाच टेबलं. प्रत्येक टेबलावर एक कॉफी, नाव झाकलेलं, फक्त आकडा. एक नंबरवर कारीची महागडी, तेवढ्यासाठी मुद्दाम मागवायची, दोनवर घाऊक, तीनवर वाणसामानवाल्याची, चारवर व्हर्जिलची जाळीची. पाच नंबरवर दुसऱ्यांदा चालवलेली पॉड, म्हणजे जवळजवळ नुसतं गरम पाणी. हे कुणाला सांगायचं नाही, कारण चाखणारे खरं बोलतात की नाही हे त्यावरून कळणार. आणि प्रत्येकाने एक ते दहा गुण द्यायचे.

समितीच्या पाच बायकांनी आराखडा अतिशय आदराने ऐकला. मग लव्हॉनबाई म्हणाल्या, "म्हणजे स्पर्धा."

"स्पर्धा नाही, तुलना."

"तुलनेत कुणीतरी शेवटी येणार."

"येणारच. त्याशिवाय—"

"चर्चच्या तळघरात कुणाची कॉफी शेवटी येणार नाही," लव्हॉनबाई शांतपणे म्हणाल्या. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर ठराव झाला: कार्यक्रमाला स्पर्धा किंवा तुलना न म्हणता 'कॉफीची ओळख' म्हणावं, निकाल जाहीर करू नये, आणि प्रत्येक टेबलावर खायला काहीतरी असावं.

"खायला नको," ऑरिन म्हणाला. "जिभेवर दुसरी चव आली की मोजमाप बिघडतं. फार तर साधं पाणी ठेवू."

पाचही बायकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने जणू पाद्रीबाईंना पायमोजे काढायला सांगितले होते.

"ऑरिन," लव्हॉनबाई म्हणाल्या, "माणसांना फेब्रुवारीत घराबाहेर काढायचं, तळघरात बोलवायचं, आणि पुढे साधं पाणी ठेवायचं? त्यांच्या घरी कुणी वारलं तरी आपण असं वागत नाही."

"मग पाव?"

"लिंबाच्या वड्या. मी करीन. ताटलीत सोळा, पाच ताटल्या."

ऑरिनने लिंबाच्या आम्लतेविषयी दोन मिनिटं भाषण केलं. समितीने तेही आदराने ऐकलं. इतिवृत्तात नोंद झाली: 'वड्या लिंबाच्या. अनुमोदन सर्वानुमते.'

त्यानंतर आकडेमोडीचा प्रश्न निघाला. एका यंत्राने ऐंशी कप काढायचे तर पावणेतीन तास लागणार आणि शेवटच्या माणसाला दाढ काढून घ्यायला गेल्यासारखं बसावं लागणार. ऑरिनने दबक्या आवाजात चौकशी केली की कुणाकडे यंत्र आहे का. दोन दिवसांत नऊ यंत्रं हजर झाली. सगळी मुलाबाळांनी मागच्या कुठल्या ना कुठल्या नाताळात दिलेली, सगळी तळघरांतून आलेली, काहींवर रिबीनही तशीच. "अगदी व्यवस्थित चालतं," देणारे म्हणत, आणि परत न्यायची घाई नसल्याचंही सांगत. ऑरिनने प्रत्येकातून पडणाऱ्या पाण्याचं तापमान घेतलं आणि एकमेकांशी जुळणारी पाच निवडली. जुनी असल्याने ती झाकणाची कडही बघत नव्हती.

व्हर्जिलने वायरिंग पाहिलं. "एका लाइनीवर एकच यंत्र. दोन लावलीस तर फ्यूज उडाला म्हणून समज. दुसरं काही लावू देऊ नकोस."

"काही लावणार नाही."

शनिवारी दुपारी दोन वाजता सोळा माणसं तळघरात आली, बूट दाराशी काढून, आपापल्या घरचा मोठा कप घेऊन. ऑरिनने छोटे कागदी कप वाटले. मोठे कप टेबलाखाली गेले. पाच यंत्रांचे दिवे लागले, आणि त्याच क्षणी लव्हॉनबाईंनी स्वयंपाकघरातली चाळीस कपांची जुनी कॉफीची टाकी चालू केली. कॉफी कमी पडली तर असावी म्हणून.

अंधार झाला.

फ्यूजच्या पेटीची किल्ली इमारत समितीच्या प्रमुखाकडे होती आणि इमारत समितीचा प्रमुख तळ्याच्या बर्फावर, मासे धरायच्या आपल्या झोपडीत बसलेला होता. व्हर्जिल त्याला आणायला गेला. परत यायला त्याला चाळीस मिनिटं लागली, कारण झोपडीत शिरल्यावर थोडं बसल्याशिवाय निघता येत नाही. तोवर बाकीची माणसं तळघराच्या इवल्या खिडक्यांतून येणाऱ्या राखाडी उजेडात शांतपणे बसून राहिली. कुणी तक्रार केली नाही. कुणीतरी म्हणालं की डोळ्यांना बरं वाटतंय. ऑरिन मात्र भिंतीशी उभा राहून घामाघूम झाला. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही नमुना नासला नव्हता.

"हे माझ्यामुळे झालं की काय?" लव्हॉनबाईंनी अंधारात विचारलं.

"नाही, नाही," सगळी माणसं एकदम म्हणाली.

वड्यांच्या ताटल्यांवर मात्र लव्हॉनबाईंनी कागद घट्ट बसवला होता, आणि कॉफीआधी वडीला कुणी हात लावायचा नाही हा त्यांच्या तळघराचा नियम. दिवे आल्यावर पाचही ताटल्या एकाच मिनिटाला उघडल्या. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मग मात्र सगळं सुरळीत पार पडलं. माणसं टेबलामागून टेबल फिरली, घोट घेतले, कागदांवर गुण मांडले, दोन्ही हातांनी ऑरिनचा हात धरून आभार मानले आणि बूट घालून गेली. साडेचार वाजता ऑरिन एकटा खुर्चीत बसून ऐंशी गुण वाचू लागला.

एक नंबरची सरासरी सहा. दोन नंबरची सहा. तीनची सहा. चारची सहाहून केसभर कमी, कारण व्हर्जिलने आपली ओळखून तिला पाच दिले होते, गर्विष्ठ दिसू नये म्हणून. पाच नंबरला, जिच्यात कॉफी जवळजवळ नव्हतीच, सहा पूर्णांक एक. शेऱ्यांच्या रकान्यात सगळीकडे वाईट नसल्याचं लिहिलेलं. पाच नंबरपुढे एकाने लिहिलं होतं, 'डॉक्टरांनी हलकीच सांगितली आहे.' एका कागदावर 'वेगळे आहेत' हे शब्द दिसले तेव्हा ऑरिन खुर्चीत पुढे सरकला. पण ते टेबलांवरच्या कागदी रुमालांच्या रंगाबद्दल होतं.

ऑरिनने कागद टेबलावर ठेवले आणि चष्मा पुसला. विहिरीच्या पाण्यात जंतू सापडले तरी माणूस काहीतरी करू शकतो. विहीर बंद करतो, क्लोरिन घालतो. सभ्यतेवर काय घालणार?

"दमलास?" लव्हॉनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. भांडी धुऊन झाली होती. "त्या ताटल्या तेवढ्या आण."

ऑरिन ताटल्या उचलायला गेला. पहिल्या टेबलावर सात वड्या शिल्लक होत्या. दुसऱ्या टेबलावर, पांढऱ्या ताटलीच्या मधोमध, वडीचं एक पातळ पान उभं होतं, पोस्टाच्या जाड पाकिटाएवढं.

टॉर्गेट लेकमध्ये ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. तो हावरटपणा. पण वडी हवीच असेल तर सुरीने शेवटच्या तुकड्याचे दोन भाग करायचे आणि एकच घ्यायचा. मग नंतर येणारा उरलेल्याचे दोन करतो. ही रीत ऑरिनला जन्मापासून ठाऊक होती, म्हणूनच तिच्याकडे त्याने कधी पाहिलं नव्हतं. आता त्याने पाहिलं. वाकून पाहिलं. मग खिशातली पट्टी काढली.

दुसऱ्या टेबलावरचं पान तीन मिलिमीटर जाड. अख्खी वडी पन्नास मिलिमीटरची. म्हणजे शेवटची वडी चार वेळा अर्धी झाली होती. पंधरा वड्या संपल्यावर आणखी चार माणसांना घोटावर काहीतरी तोंडात टाकण्याची गरज भासली होती, आणि ती इतकी तीव्र होती, की त्यांनी कागदासारखे तुकडे कापून घेतले होते. पाचव्या टेबलावर सहा मिलिमीटर: तीन वेळा. चौथ्यावर पंचवीस: एकदा. पहिल्यावर सात वड्या शिल्लक. आणि तिसऱ्या टेबलावर, जे खुर्च्यांच्या सगळ्यात जवळ होतं आणि जिथे खरं तर सगळ्यात जास्त खाल्लं जायला हवं होतं, नऊ.

ऑरिन बसला. सोळा माणसांनी तोंडाने काहीही सांगितलं नव्हतं आणि हाताने सगळं सांगितलं होतं. जी ताटली त्याला नको होती, तीच एकटी खरं बोलली होती. वाणसामानवाल्याची अडतीस सेंटची पॉड, पंच्याऐंशी सेंटच्या पुढे. घरी वाकड्या कडेमुळे पातळ उतरली होती ती हीच. तो चार पानांच्या आराखड्याच्या पाठीवर भराभर आकडे मांडू लागला. आणि मांडता मांडता त्याचा हात थांबला.

आल्याची बिस्किटं.

मार्डेल रोज सकाळी कॉफीबरोबर दोन खायची. लग्न झाल्यापासून. किटलीची कॉफी समोर आली की डबा ओढायचा, दोन काढायची, झाकण लावायचं. जानेवारीत, कारीच्या पॉड होत्या तोवर, डबा बंद होता. संकल्प वगैरे काही नव्हता. फेब्रुवारीत ऑरिनने स्वस्त पॉडचे खेळ सुरू केले आणि डबा पुन्हा उघडला. मन नको म्हणत असतानाही त्याने हिशेब केला: एकेचाळीस वर्षं, दिवसाला दोन. जवळजवळ तीस हजार बिस्किटं.

गावाचं पाणी शुद्ध ठेवल्याबद्दल काउंटीने त्याला एक लाकडी मानपत्र दिलं होतं. ते घरी किटलीच्या बरोबर वर टांगलेलं होतं.

"काय निघालं मग?" लव्हॉनबाई हात पुसत बाहेर आल्या. "सांगू नकोस, ठराव आहे. पण दोन नंबर आमची होती ना? बघ, ताटली कशी साफ झाली. माणसं तिथून हलत नव्हती."

ऑरिनने त्या एकोणऐंशी वर्षांच्या, आनंदी चेहऱ्याकडे पाहिलं. खरं बोलायची वेळ त्याच्यावर आली होती, आणि महिनाभर तो गावाकडे नेमकं तेच मागत होता.

"वाईट नव्हती," तो म्हणाला.

उरलेल्या एकशेतीन पॉड त्याने चर्चला देऊन टाकल्या, अंत्यविधीनंतरच्या जेवणांसाठी. तिथे वड्या भरपूर असतात.

घरी जाऊन त्याने मार्डेलला काही सांगितलं नाही. येताना वाटेत वाणसामानाच्या दुकानातून बारा पॉडचं खोकं तेवढं घेतलं. सोमवारी सकाळी त्याने जुन्या पॉडची कड झाकणावर या वेळी पट्टी लावून सरळ बसवली, दोन कप काढले, एक मार्डेलपुढे ठेवला आणि समोर बसला. आणि चेहऱ्याकडे न बघता हाताकडे पाहू लागला.

बिस्किटांचा डबा तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. तिने घोट घेतला. तळ्यावरचा बर्फ अजून घट्ट होता, झोपड्यांच्या धुरांड्यांतून धूर निघत होता. तिने दुसरा घोट घेतला. हात कपावरच. तिसरा. विणकाम उचललं, एक ओळ विणली, पुन्हा कप उचलला. डब्याकडे ती फिरकलीही नाही. फेब्रुवारीत आजवर डब्याशिवाय तिने इतका वेळ कधीच काढला नव्हता.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

मार्डेलने जरा विचार केला. "वाईट नाही," ती म्हणाली.

पंधरवड्यापूर्वी हे ऐकून ऑरिनचा चेहरा पडला असता. आता त्याने तिच्या कपात पाहिलं. कप रिकामा होता. बंद डबा होता तिथेच होता. इतकं स्वच्छ मोजमाप त्याला प्रयोगशाळेतही क्वचित मिळालं होतं. शब्दाची आता तशी गरज नव्हती, आणि तरीही, खोटं कशाला बोला, आला असता तर त्याला तो हवा होता.

"आणि तुझी?" मार्डेल म्हणाली.

"माझी काय?"

"तुझी कॉफी. नाताळपासून बघतेय, तू कप तोंडाला लावतोस आणि माझ्याकडे टक लावून बसतोस. तुला कशी लागते?"

हा प्रश्न चार पानांच्या आराखड्यात नव्हता. सोळा माणसांना विचारलं, मार्डेलला रोज विचारलं, यंत्राच्या कंपनीला फोन करून विचारलं. अठरावा चाखणारा मात्र मोजदादीतून राहूनच गेला होता. ऑरिनने कप उचलला आणि पहिल्यांदा लक्ष देऊन घोट घेतला.

कॉफी स्वच्छ होती. मऊ होती. तिच्यात गाळ नव्हता, करपलेला वास नव्हता, आणि किटलीची कॉफी पिताना शेवटच्या घोटाला दातांखाली येणारी कचकचही नव्हती. घसा न खरवडता ती खाली गेली आणि मागे काहीच उरलं नाही. एखादा पाहुणा येऊन हळूच दार लावून निघून जावा तशी.

मार्डेल वाट बघत होती.

"वाईट नाही," ऑरिन म्हणाला.

मार्डेलने सुया खाली ठेवल्या. डब्याचं झाकण काढलं, आणि डबा स्वतःकडे न ओढता त्याच्या कपाशेजारी सरकवून ठेवला.